चक्र फिरवणारे हात कोणाचे?

आम्ही रत्नागिरीकर माडाचे काहीच फुकट घालवत नाही. झावळीचे झाप, हिरांचा खराटा, सोडणाचा काथ्या. करवंटी चुलीत, राख पुन्हा माडाच्या मुळाशी. हा झाला घरचा शून्य कचरा. पण काच, पत्रा, प्लॅस्टिक माती पचवत नाही. ते कारखान्यात परत गेले, तरच चक्राकार अर्थव्यवस्था चालते.

तेथवर ते पोचवते कोण? पुण्यातील कचरावेचकांनी, त्यांत बहुसंख्य दलित भगिनी, संघटित होऊन १९९३ साली ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ उभारली. पुढे त्यांच्या ‘स्वच्छ’ सहकारी संस्थेशी पुणे महानगरपालिकेने २००८ मध्ये करार केला.

बंधुभगिनींनो, आपण निदान ओला-सुका कचरा वेगळा देऊ या. हे चक्र फिरवणारे हात आपल्याच माणसांचे आहेत. ते आपल्या उष्ट्याखरकट्यात का बुडावेत?