तुरट चवीला वळण

कोरा चहा जास्त वेळ उकळला की जीभ खरखरीत होते आणि टाळूला चिकटल्यासारखी वाटते. चहातली टॅनिन नावाची द्रव्ये लाळेतल्या प्रथिनांना धरून बसतात, लाळेचा ओशटपणा जातो आणि तोंड कोरडे पडते. त्याच चहात दूध घातले तर टॅनिन दुधातल्या प्रथिनांना चिकटते आणि जीभ मोकळी राहते. फ्रान्सच्या बोर्दो भागातली उंची रेड वाइन समजून घ्यायला एवढी शिदोरी पुरते. द्राक्षातला तुरटपणा तिथे आधी मुद्दाम काढून घेतात आणि मग वर्षानुवर्षे त्याला वळण लावतात.

बोर्दो शहर फ्रान्सच्या नैर्ऋत्येला, गारोन नदीकाठी आहे. शहराच्या उत्तरेला ही नदी दोर्दोन्यला मिळते आणि दोघींची मिळून जिरोंद ही रुंद खाडी होते. खाडीच्या डाव्या तीरावरचा पट्टा म्हणजे मेदोक. इथली जमीन गोट्यांची, खडीची. पाणी चटकन निचरते आणि दिवसाची ऊब गोटे धरून ठेवतात. उशिरा पिकणाऱ्या कॅबर्ने सोव्हिन्यों या जातीला ते मानवते. उजव्या तीराच्या चिकणमातीत लवकर पिकणारी मेर्लो जास्त दिसते.

नाशिक-सांगलीच्या बागायतदारांना बोर्दोचे नाव फवारणीमुळे माहीत आहे. मोरचूद आणि चुन्याचे ‘बोर्डो मिश्रण’ इथलेच. मेदोकचे शेतकरी रस्त्याकडेच्या वेलींवर ते शिंपडत, ते येणाऱ्या-जाणाऱ्यांनी द्राक्षे चोरू नयेत म्हणून. केवडा रोगाने बाकीची बाग ओकीबोकी झाली तरी या वेलींची पाने टिकून आहेत, हे १८८२ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ मियार्दे यांच्या नजरेत भरले. चोरांसाठीचा उपाय असा रोगावरचे औषध ठरला.

कॅबर्नेचे द्राक्ष खायच्या द्राक्षासारखे नसते. मणी बारीक, साल जाड, आत बिया. मणी लहान म्हणून रसाच्या मानाने साल जास्त, आणि रंग असतो तो सालीतच, टॅनिन साल व बियांत. गर तर जवळजवळ पांढराच. सालीशिवाय रस आंबवला तर या काळ्या द्राक्षाचीही फिकी वाइन होईल.

काढणी सप्टेंबर-ऑक्टोबरात होते. देठ वेगळे करून, मणी हलके फोडून रस, साली आणि बिया एकत्रच टाकीत घालतात. यीस्ट साखर खाऊन अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड तयार करते. लिटरमागे साधारण १७ ग्रॅम साखरेतून एक टक्का अल्कोहोल होते. वायूच्या जोराने साली वर येऊन त्यांचा जाड थर जमतो. तो वरच राहिला तर सुकतो आणि त्यातले काही रसात उतरत नाही. म्हणून तळाचा रस पंपाने उपसून थरावर पुन्हापुन्हा सोडतात. मुरवण्याचे हे काम सारे मिळून दोन ते चार आठवडे चालते. कमी मुरले तर वाइन पातळ लागते, जास्त मुरले तर बियांचा कडवटपणा उतरतो. रोज चव घेऊनच थांबायचा दिवस ठरवतात.

मग वाइन खालून काढून घेतात आणि उरलेला चोथा वेगळा पिळतात. यानंतर जिवाणू कच्च्या सफरचंदासारखे झोंबणारे मॅलिक आम्ल बदलून दह्यातले सौम्य लॅक्टिक आम्ल करतात. मग दोन्ही जातींच्या वाइन एकत्र मिसळतात. कॅबर्नेचा ताठपणा आणि मेर्लोचा गुबगुबीतपणा यांचे प्रमाण जुळवणे हे वाइन करणाऱ्या घराण्याचे कसब.

पुढचे दीड-दोन वर्षांचे बिऱ्हाड २२५ लिटरच्या ओक लाकडाच्या पिंपात. एका पिंपातून ३०० बाटल्या भरतात. लाकडातून हवा अगदी थोडी झिरपते, त्यामुळे टॅनिनचे रेणू एकमेकांत गुंफले जातात आणि जिभेला कमी बोचतात. दर काही महिन्यांनी तळाचा साका मागे ठेवून वाइन दुसऱ्या पिंपात घेतात. शेवटी जुन्या पद्धतीने पिंपामागे पाच-सहा अंड्यांचा पांढरा बलक फेटून घालतात. खरखरीत टॅनिन त्यातल्या प्रथिनांना चिकटून तळाशी बसते. उरलेल्या पिवळ्या बलकातून कानले हा बोर्दोचा गोड पदार्थ जन्मला, असे तिथे सांगतात.

बूच लावल्यावरही काम चालूच राहते. चांगल्या वर्षाची मेदोक वाइन वीस-तीस वर्षे सहज मुरते. टॅनिन आणि रंग हळूहळू साक्याच्या रूपात खाली बसतात. अशी जुनी बाटली आदल्या दिवशी उभी करून ठेवावी आणि साका मानेपर्यंत येताच ओतणे थांबवावे. कोवळी वाइन मात्र तासभर आधी रुंद भांड्यात ओतून तिला हवा लागू द्यावी.

‘खोलीच्या तापमानाला प्यावी’ हा सल्ला युरोपातल्या थंड घरांचा आहे. १६ ते १८ अंश हे तिचे माप. पुण्याच्या एप्रिलात बाटली आधी थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवलेलीच बरी, नाहीतर अल्कोहोलचा भपकाच आधी नाकात जातो.

ताटात काय असावे? बोर्दोकर छाटणीत निघालेल्या वेलीच्या काड्यांवर गोमांसाचा जाड काप भाजतात. पोयाक गावचे कोकरूही नावाजलेले. मिरची टॅनिनला आणखी बोचरे करते, म्हणून तांबड्या रश्शाशी हिचे जमत नाही; मीठ-मिरी लावून भाजलेल्या मटणाशी जमते.

पहिला घोट नुसता घ्यावा. तोंड आवळेल. मग मटणाचा एक घास चावून दुसरा घोट घ्यावा. टॅनिनला धरायला आता मांसातली प्रथिने मिळाली आहेत, म्हणून ते लाळेच्या वाटेला कमी जाते. तुरटपणामागे लपलेली काळ्या फळांची चव तेव्हा पुढे येते. चहात दूध पडल्यावर होते तेच, फक्त इथे दूध ताटात असते.