मासळीच्या वखारीत चित्रप्रदर्शन

चित्रप्रदर्शन म्हटले की आपल्याला जहांगीर गॅलरीतली शांतता आठवते. पण २०१७ च्या नोव्हेंबरात कुलाब्याच्या ससून डॉकवर जी मंडळी लोटली, ती नाकाला रुमाल लावून! १८७५ सालची ही गोदी. पहाटे मासळीचा लिलाव, मग कोलंबी सोलणाऱ्या बायकांची गडबड. तिथल्याच जुन्या वखारीत ‘स्टार्ट इंडिया’ या संस्थेने रस्त्यावरच्या भिंती रंगवणारे देशी-परदेशी कलावंत एकत्र आणले होते.

सिंगापूरच्या तान झी शी या बाईंनी टाकाऊ प्लॅस्टिक डोक्यावर असे टांगले होते, की खाली उभा राहणारा थेट समुद्राच्या तळाशी! माझी धाकटी पुतणी वर बघत होती. ‘काका, आपण टाकतो ते इथे येतं?’ मी काय सांगणार?

बाहेर कोळी माणसांचे मोठमोठे कृष्णधवल चेहरे लावले होते. रस्त्यावरचे चित्र छपराखाली आणले की त्याची धार जाते, असे काहीजण म्हणतात. ते अगदीच खोटे नाही. पण इथे, भिंतीपलीकडेच बर्फाच्या पाट्या चालल्या असताना, चित्राला आपली जागा विसरणे कठीण होते. २०२२ च्या डिसेंबरातही तिथे असाच कलामेळा भरला.

सोलणाऱ्या एका मावशींना मी विचारले, ‘आत पाहून आलात का?’

‘आमचाच बाजार, त्यात बघायचं काय? तुम्ही बघा, नि जाताना बोंबील घ्या!’

टोपलीभर कोलंबी सोलून मावशींच्या हाती काय पडते, हे मात्र मला एकाही चित्राखाली लिहिलेले दिसले नाही.