घोडेस्वारांचा फोटो आणि कंपूचं मैदान

१८ ऑक्टोबर १९२४. न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्सवर नोटर डेम विद्यापीठाच्या संघानं अमेरिकन फुटबॉलमध्ये आर्मीला १३-७ असं हरवलं. जॉर्ज स्ट्रिकलर हा विद्यार्थी संघाबरोबर होता. प्रशिक्षक नूट रॉक्नी यांनी प्रसिद्धीचं काम त्याच्यावर सोपवलं होतं. मध्यंतरात पत्रकारांशी बोलताना प्रलयाच्या चार घोडेस्वारांवरच्या एका मूकपटाचा विषय आपणच काढला, असं तो पुढे सांगत असे. क्रीडापत्रकार ग्रँटलंड राइसच्या वृत्तान्तात नोटर डेमचे स्टुलड्रेहर, क्रॉली, मिलर आणि लेडन हे चौघे घोडेस्वार होऊनच अवतरले. स्ट्रिकलरनं परत गेल्यावर घोडे मिळवले, चौघांना गणवेशासकट त्यांच्यावर बसवलं आणि फोटो काढवला. तो देशभर छापला गेला. पुढे स्ट्रिकलर व्यावसायिक फुटबॉल लीगचा प्रसिद्धिप्रमुख झाला, ‘शिकागो ट्रिब्यून’चा क्रीडा संपादकही.

संघ चांगला होताच. त्या मोसमात तो एकही सामना हरला नाही. पण आज त्या चौघांची नावं आठवतात ती त्या पोराच्या तत्परतेमुळे, असं मला ठामपणे वाटतं.

अमेरिकेत प्रसिद्धीच्या या कामाचा पेशा झाला. १९५७ मध्ये महाविद्यालयीन क्रीडा-माहिती अधिकाऱ्यांची देशव्यापी संघटना उभी राहिली. त्याच वर्षी १७ ऑगस्टला, सत्तावनच्या समराच्या शताब्दीनिमित्त, ग्वाल्हेरात लक्ष्मीबाई शारीरिक शिक्षण महाविद्यालय सुरू झालं. कांदिवलीच्या प्रशिक्षण संस्थेतून आलेले पी. एम. जोसेफ त्याचे पहिले प्राचार्य. इथून देशाला क्रीडाशिक्षक मिळाले. खेळाची बातमी लिहिणारा, नोंदी जपणारा माणूसही असाच घडवावा लागतो, हे मात्र आपल्या महाविद्यालयांनी फारसं मनावर घेतलं नाही.

मराठीत ते काम वृत्तपत्राच्या बाजूनं वि. वि. करमरकरांनी केलं. १९६२ मध्ये निघालेल्या ‘महाराष्ट्र टाइम्स’मध्ये त्यांनी खेळाला हक्काची जागा मिळवून दिली; कबड्डी, खो-खोलाही क्रिकेटच्या पंगतीत बसवलं. २०२३ च्या मार्चमध्ये ते गेले.

ग्वाल्हेरला अशा नोंदींची किंमत कळायला हवी. १९३२ च्या ऑलिंपिकमध्ये अमेरिकेविरुद्धच्या २४-१ च्या विजयात दहा गोल करणारे कॅप्टन रूपसिंह शिंदे सरकारच्या फौजेत होते, इथेच राहिले. त्यांच्या नावाचं स्टेडियमही मुळात हॉकीचं. पण आज ते नाव घेतलं की बहुतेकांना २४ फेब्रुवारी २०१० चं सचिनचं द्विशतक आठवतं.

आणि ग्वाल्हेरच्याच कंपू भागात? इथे कमलाराजा कन्या महाविद्यालय आहे. जिल्हा क्रीडा संकुलात २००६ पासून राज्याची महिला हॉकी अकादमी आहे. या मुलींच्या सामन्यांना हाताशी एक स्ट्रिकलर हवा. घोडे नकोत. खेळाडूचं पूर्ण नाव, गाव, गोल कितव्या मिनिटाला झाला, पास कोणी दिला, गोलरक्षिकेनं किती फटके अडवले, एवढं टिपून एका स्वच्छ फोटोसह त्याच संध्याकाळी वृत्तपत्राकडे धाडणारी एक विद्यार्थिनी पुरे. तिला त्या कामाचं मानधन आणि क्रीडाविभागात एक टेबल द्यावं.