हवेच्या मापाने डिझेल : रायपूरमधील पंप-सेटिंगचे काम

हजिऱ्याहून नागपूरमार्गे पारादीपकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ५३ आणि जबलपूरकडून येऊन बस्तरमार्गे आंध्रात उतरणारा राष्ट्रीय महामार्ग ३० हे दोन्ही रायपुरात एकमेकांना मिळतात, आणि सिलतरा व उरला येथील स्पंज आयर्न, भिलाईचे पोलाद, बलौदाबाजारकडील सिमेंट व सभोवतीच्या जिल्ह्यांतील तांदूळ यांचा मोठा भाग ट्रकनेच हलत असल्यामुळे टाटीबंध, भनपुरी आणि रावाभाठा या भागांत ट्रकदुरुस्तीची मोठी वसाहत उभी राहिली आहे. तिच्यातील सर्वांत नाजूक काम म्हणजे टर्बो बसवलेल्या इंजिनाला किती डिझेल द्यायचे आणि किती दाबाने हवा द्यायची हे ठरवण्याचे. त्याकडे लक्ष वेधले जाते ते धुरामुळे. एकाच बनावटीचे, जवळपास सारखे वजन घेतलेले दोन ट्रक टाटीबंधहून पाठोपाठ निघतात, त्यांतील एकाच्या मागे काळा लोट उठतो आणि दुसऱ्याच्या मागची हवा जवळजवळ स्वच्छ राहते, तेव्हा हा फरक इंजिनाच्या वयाचा की ते सेट करणाऱ्या हाताचा, हा प्रश्न आपोआप उभा राहतो.

त्याचे उत्तर समजण्यासाठी डिझेल इंजिनाचा एक मूलभूत गुण ध्यानात घ्यावा लागतो. पेट्रोल इंजिनात ॲक्सिलरेटर हवेची वाट उघडतो आणि इंधन त्या हवेच्या प्रमाणात दिले जाते; डिझेल इंजिनात हवेला तशी आडकाठी नसते आणि ॲक्सिलरेटर केवळ इंधनाचे प्रमाण बदलतो. त्यामुळे टर्बो बसवलेल्या पेट्रोल इंजिनात इंधन कमी पडले तर पिस्टन वितळण्याची भीती असते, तर डिझेल इंजिनात इंधन जास्त झाले तर उष्णता आणि काजळी वाढते. १ किलो डिझेल पूर्ण जळण्यास सुमारे साडेचौदा किलो हवा लागते. परंतु फवारा आणि हवा यांचे मिश्रण कधीच परिपूर्ण नसल्याने प्रत्यक्षात त्याहून बरीच अधिक हवा हाताशी असावी लागते. ती कमी पडली की न जळलेला कार्बन सायलेन्सरमधून बाहेर पडतो, म्हणजे मालकाने पैसे मोजून घेतलेल्या डिझेलचा काही अंश धूर होऊन रस्त्यावर पसरतो.

टर्बोचार्जर हा या हवेचा पुरवठादार आहे. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या तप्त वायूच्या जोरावर एक चक्र फिरते, त्याच दांड्यावरचे दुसरे चक्र बाहेरची हवा दाबून सिलिंडरकडे पाठवते, आणि या वाढीव दाबाला कारागीर बूस्ट म्हणतात. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी याने १९०५ मध्ये या कल्पनेचे पेटंट घेतले. आज ट्रकच्या टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाच्या घरात फेरे घेतो. उंच डोंगरांत टर्बोला विरळ हवेची भरपाई करावी लागते. रायपूर समुद्रसपाटीपासून जेमतेम ३०० मीटर उंच असल्याने तेथे तो प्रश्न नाही. परंतु मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो तेव्हा १५ अंशांच्या हवेच्या तुलनेत तिची घनता सुमारे नऊ टक्क्यांनी घटते, आणि डोंगर न चढताही इंजिनाला विरळ हवेला तोंड द्यावे लागते. त्यात सिलतरा-उरल्याच्या परिसरातील कोळसा आणि लोखंड यांची बारीक धूळ एअर फिल्टरमध्ये साचते, आणि फिल्टर फाटलेला असेल तर टर्बोच्या पात्यांच्या कडा झिजवते.

सिलिंडरांना डिझेल मोजून पोहोचवणारे पंप दुरुस्त करणाऱ्या भनपुरीतील एका दुकानात हे डिझेल ज्या टेबलापाशी मोजले जाते, त्याला टेस्ट बेंच म्हणतात. तपासणीच्या तेलाचा आणि डिझेलचा वास त्या खोलीच्या भिंतींत इतका मुरला आहे की बाहेरच्या रस्त्यावरही दुकान वासावरून ओळखता यावे. जुन्या ट्रकांवरील इनलाइन पंप, म्हणजे प्रत्येक सिलिंडरसाठी स्वतंत्र दट्ट्या एका ओळीत मांडलेला पंप, येथे सर्वाधिक येतो. बंगळुरूच्या मोटर इंडस्ट्रीज कंपनीने, म्हणजे मायकोने, जिची स्थापना १९५१ ची, असे पंप देशभर पोहोचवले. २००८ मध्ये तिचे नाव बॉश लिमिटेड झाले, तरी कारागिरांच्या तोंडी पंप अजून मायकोचाच आहे. पंप उघडणे, धुणे, झिजलेले एलिमेंट आणि डिलिव्हरी व्हॉल्व्ह बदलणे ही कामे शिकाऊ मुले करतात. खरे काम त्यानंतर सुरू होते.

बेंचवरची मोटर पंप फिरवते, सहा नोझलांतून तेल सहा काचेच्या नळ्यांत पडते, आणि हजार स्ट्रोकनंतर, म्हणजे प्रत्येक दट्ट्याने हजार वेळा तेल ढकलल्यानंतर, प्रवाह आपोआप थांबतो. दुकानातील वयस्क मिस्त्री या क्षणी गुडघे वाकवून आपले डोळे नळ्यांतील तेलाच्या रेषेला समांतर आणतात, कारण वरून पाहिले तर माप कमी-जास्त दिसते. सर्वाधिक आणि सर्वांत कमी भरलेल्या नळ्यांत तीन सीसींपेक्षा अधिक फरक त्यांना चालत नाही. तीन सीसी हा आकडा ते शिकाऊ मुलांना, ट्रकमालकांना आणि चौकशी करणाऱ्या प्रत्येकाला त्याच शांतपणे सांगतात. प्रत्येक सिलिंडरला तेल मिळण्याची वेळही मोजावी लागते: सहा सिलिंडरांच्या पंपात दोन फवाऱ्यांमधील अंतर ६० अंशांचे असते आणि अर्ध्या अंशाची चूकही दुरुस्त केली जाते. तपासणीच्या तेलाचे तापमान ४० अंश असावे असा दंडक आहे, आणि रायपूरच्या उन्हाळ्यात खोलीच त्याहून तापते; म्हणून अखेरचे माप सकाळी लवकर घेण्याचा या दुकानाचा रिवाज आहे. तापलेले पातळ तेल दट्ट्याच्या फटीतून अधिक झिरपते, आणि मग तीन सीसींचा हिशेब मोजणाऱ्यालाच फसवतो.

पंपाच्या टोकाला बसवलेली एक लहान गोल डबी, जिला दुकानात एलडीए म्हणतात, या कामाचा गाभा आहे. तिच्यात रबरी पडदा आणि स्प्रिंग असते, आणि एका बारीक नळीने ती इंजिनाच्या हवेच्या वाटेशी जोडलेली असते. बूस्ट वाढला की पडदा सरकतो आणि पंपाला अधिक डिझेल देण्याची मुभा मिळते. बूस्ट नसेल तर ही मुभा रोखलेली राहते. हवा आल्याशिवाय डिझेल वाढू नये, एवढेच त्या डबीचे काम. पडदा फाटला, नळीला तडा गेला किंवा इंटरकूलरच्या, म्हणजे दाबामुळे तापलेली हवा थंड करणाऱ्या जाळीच्या, होजची क्लिप सैल झाली, तर गाडी चढावर दम टाकते. बस्तरच्या वाटेवरील केशकाल घाटात लोड घेऊन अडकलेला चालक परत आला की त्याची मागणी ठरलेली असते: पंप वाढवून द्या. मग कोठेतरी पंपावरचे शिशाचे सील तोडले जाते, फुल लोडचा स्क्रू फिरवला जातो, आणि बूस्ट असो वा नसो, प्रत्येक फवाऱ्यात जादा डिझेल जाऊ लागते. पिकअप थोडा सुधारतो, ॲव्हरेज घटते, सायलेन्सर काळा पडतो, आणि अतितप्त वायूमुळे काही महिन्यांत टर्बो किंवा पिस्टन निकामी होतो. काही ठिकाणी वेस्टगेटची, म्हणजे जादा वायू टर्बोला वळसा घालून सोडणाऱ्या झडपेची, दांडी आखूड करून बूस्टही चढवला जातो. त्याने दांड्याचे फेरे सुरक्षित मर्यादेपलीकडे जातात आणि पाती फुटण्याचा धोका निर्माण होतो.

भनपुरीच्या त्या मिस्त्रींची रीत उलट्या क्रमाची आहे. आधी फिल्टर, मग साबणाच्या पाण्याने होजची गळती, मग टर्बोच्या दांड्याची हाताला जाणवणारी ढिलाई, मग हातपंपावर नोझलचा दाब आणि फवारा, आणि हे सारे निर्दोष ठरल्यावरच पंप. बहुतेक तक्रारी पंपापर्यंत पोहोचण्यापूर्वीच सुटतात, आणि पंप न उघडता परत पाठवलेल्या ट्रकचे पैसे दुकानाला फारसे मिळत नाहीत. तरीही ते चालकाला होजची क्लिप बदलून पाठवतात आणि जादा डिझेलची मागणी नाकारतात. ज्या व्यवसायात ग्राहकाच्या समाधानावर पोट अवलंबून असते, तेथे हा नकार ही कौशल्याइतकीच मोलाची गोष्ट मानली पाहिजे.

चालक आणि मालक यांच्याकडे केवळ दोषी म्हणून पाहणे मात्र अन्यायाचे होईल. २०१८ मध्ये केंद्र सरकारने ट्रकांच्या वजनाची मर्यादा वाढवली, तेव्हा तीन आसांच्या ट्रकची कमाल मर्यादा २५ टनांवरून २८.५ टन झाली, आणि जुन्या मर्यादेसाठी घडवलेल्या इंजिनांकडूनही वाढीव ओढीची अपेक्षा होऊ लागली. भाडे टनावर ठरते आणि हप्ता महिन्यावर, त्यामुळे स्क्रूचा एक फेरा हा मालकाला स्वस्त उपाय वाटतो. प्रदूषण-तपासणीही त्याला पुरेशी अडवत नाही. तिच्यात उभ्या गाडीचा ॲक्सिलरेटर एकदम दाबून धुराची घनता मोजतात. भारत स्टेज ४ पूर्वीच्या गाड्यांसाठी ती हार्ट्रिज एककात ६५ आणि भारत स्टेज ४ साठी ५० पर्यंत मान्य आहे. परंतु इंजिनावर ओझे नसताना घेतलेल्या या काही सेकंदांच्या मापातून घाटात लोडखाली होजमधून गळणारी हवा दिसत नाही.

एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ लागू झाल्यावर नव्या ट्रकांत डिझेल आणि बूस्ट यांचा मेळ संगणक घालतो. कॉमन रेल, म्हणजे सर्व नोझलांना जोडलेल्या एकाच नळीत, दाब दीड हजार बारच्या पुढे जातो आणि प्रत्येक फवारा सेन्सरच्या वाचनावरून ठरतो. स्क्रूची जागा आता लॅपटॉपने आणि जादा ताकदीचे आश्वासन देणाऱ्या डब्यांनी घेतली असली, तरी मोह तोच आहे. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ उत्पादकाच्या मूळ रचनेत असा फेरफार करण्यास मनाई करते. मात्र कायदा रस्त्यावर क्वचित पोहोचतो, आणि कारागीर रोज पोहोचतो.

म्हणूनच आयटीआयच्या डिझेल मेकॅनिक अभ्यासक्रमात सेन्सरचे वाचन शिकवताना गळती शोधण्याचा हा क्रमही तितक्याच गांभीर्याने शिकवला जावा, आणि प्रदूषण-तपासणीत धुराच्या आकड्याबरोबर पंपाचे सील व बूस्टच्या नळ्या पाहणे सक्तीचे व्हावे. या दोन्ही गोष्टींना महागडी यंत्रे लागत नाहीत. रायपूरची हवा बिघडवण्यात कारखान्यांच्या चिमण्यांचा वाटा मोठा आहे हे खरे. तथापि त्या कारखान्यांचा माल वाहणाऱ्या प्रत्येक ट्रकच्या पंपावर तीन सीसींचा आग्रह धरणारा माणूस उभा असेल, तर शहराच्या हवेत आणि मालकाच्या हिशेबात पडणारा फरक मोजण्यासाठी नवे संशोधन करावे लागणार नाही.