अवकाशात बंदूक उडेल का?

अवकाशात हवा नाही. हवा नसली की दिवा विझतो, पण बंदूक उडते! आपल्या हर्णैच्या सुवर्णदुर्गावरच्या तोफांत सोरा, गंधक आणि कोळसा यांची दारू ठासत. जळायला लागणारा प्राणवायू त्या सोऱ्यातच असतो. हल्लीच्या काडतुसातही तो दारूतच असतो. बार झालेला मात्र ऐकू येणार नाही, कारण आवाज न्यायला हवाच नाही.

मला खरी गंमत पुढेच वाटते. बंदरात होडीतून उडी मारली की होडी मागे सरते ना? तसाच गोळी झाडणारा मागे जाईल, आणि जातच राहील. धरायला काही नाही, मग थांबायचं कसं? सोव्हिएत रशियाने १९७५ साली सॅल्यूत-३ या अवकाशस्थानकावरून तोफ डागली, तेव्हा आत एकही माणूस नव्हता.