सायकल एक, स्वार चार

माझ्या लहानपणी आमच्या मोहल्ल्याच्या नाक्यावर भाड्याने सायकली देणारे एक दुकान होते. तासाला दोन रुपये भाडे पडे. एवढे पैसे आमच्यापैकी एकट्याकडे कधीच नसत. म्हणून आम्ही चार मित्र पन्नास-पन्नास पैसे गोळा करून एक सायकल घेत असू. तास एक आणि स्वार चार! प्रत्येकाच्या वाट्याला पंधरा मिनिटे येत. आमच्यातील एकाला सायकल नीट चालवता येत नसे. तो वळणावर पाय टेकवी. मग आम्ही त्याला म्हणत असू, "तू राहू दे. तुझी पाळी आम्ही घेतो." तो बिचारा काही न बोलता कडेला उभा राही.

विद्यार्थी मित्रांनो, ही आठवण मला एका सायकल-शर्यतीची माहिती वाचताना झाली. ही शर्यत अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठात होते. तिथेही संघात चार स्वार असतात. पण तिथे कोणाची पाळी सहज खाता येत नाही. म्हणूनच ही शर्यत मला तुम्हांला सांगावीशी वाटते.

इंडियाना राज्यात ब्लूमिंग्टन नावाचे गाव आहे. तिथे हे विद्यापीठ आहे. त्याच राज्यातील इंडियानापोलिस शहरात १९११ सालापासून पाचशे मैलांची मोटारींची मोठी शर्यत होते. तिच्यावरून विद्यापीठातील सायकल-शर्यतीचे नाव पडले 'लिटल फाइव्ह हंड्रेड', म्हणजे 'धाकटी पाचशे'. ती १९५१ साली सुरू झाली. विद्यापीठासाठी निधी जमवणाऱ्या संस्थेचे संचालक हॉवर्ड विलकॉक्स यांची ही कल्पना. त्यांच्या वडिलांनी १९१९ साली ती मोटारींची शर्यत जिंकली होती. मात्र मुलाने शर्यत सुरू केली ती निराळ्या हेतूने. नोकरी करून शिकणाऱ्या गरजू विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तीसाठी पैसे उभे करावेत, हा तो हेतू होता. शर्यत पाहायला लोक तिकीट काढून येतात आणि त्यातून कोणाच्या तरी शिक्षणाला हातभार लागतो.

मराठीतील 'शर्यत' आणि तुमच्या ओळखीचा 'शर्त' हे शब्द एकमेकांचे नातलग आहेत. प्रत्येक शर्यतीच्या काही शर्ती असतात. या शर्यतीच्या शर्ती मोठ्या विचार करण्यासारख्या आहेत.

पहिली शर्त अशी, की स्वार त्याच विद्यापीठात पदवीचे शिक्षण घेणारा पूर्णवेळ विद्यार्थी असला पाहिजे. आधी विद्यार्थी, मग स्वार. एका वसतिगृहातील मुले, एखाद्या विद्यार्थी मंडळाचे सभासद किंवा चार मित्र मिळून संघ तयार करतात.

दुसरी शर्त सायकलीची. सर्व संघांना एकाच बनावटीची साधी सायकल मिळते. तिला एकच गिअर असतो. हँडलला ब्रेक नसतो. पायडल उलटे फिरवले की ब्रेक लागतो. श्रीमंताच्या मुलाने महागडी सायकल आणून पुढे जावे, अशी सोयच नाही. फरक पडतो तो फक्त पायांतील ताकदीने, डोक्यातील विचाराने आणि संघातील एकजुटीने.

तिसरी शर्त सर्वांत महत्त्वाची. मुलांच्या शर्यतीत धावपट्टीच्या दोनशे फेऱ्या असतात. एक फेरी पाव मैलाची, म्हणजे सुमारे चारशे मीटरची. एकूण अंतर पन्नास मैल, म्हणजे सुमारे ऐंशी किलोमीटर होते. ते कापायला दोन तासांहून अधिक वेळ लागतो. एवढ्या वेळात संघाने निदान दहा वेळा स्वार बदललाच पाहिजे. एखादा स्वार कितीही तगडा असला तरी त्याला सगळी शर्यत एकट्याने धावता येत नाही.

आता एखाद्या नव्या विद्यार्थ्याला या शर्यतीत भाग घ्यायचा असेल तर काय करावे लागते? शर्यत वसंत ऋतूत, एप्रिल महिन्यात असते. तयारी मात्र हिवाळ्याच्या आधीपासूनच सुरू होते. थंडीत तिथे बर्फ पडते. अशा वेळी मुले खोलीत एका जागी उभ्या केलेल्या सायकलीवर तासन्‌तास पायडल मारतात. हवा बरी असली की गावाबाहेरच्या रस्त्यांवर मैलोन्‌मैल जातात. हे सगळे वर्ग आणि परीक्षा सांभाळून करायचे असते.

धावपट्टी डांबराची नसते. जळलेल्या कोळशाच्या बारीक खड्यांनी ती बनवलेली असते. वळणावर चाक सहज घसरते. म्हणून नव्या स्वारांना आधी शिकवले जाते. वळण कसे घ्यावे, सरळ रेष कशी धरावी, दुसऱ्याच्या आडवे कसे येऊ नये, समोर कोणी पडले तर काय करावे, हे अनुभवी स्वार त्यांना समजावून सांगतात. डोक्यावर हेल्मेट घालावेच लागते. मग प्राथमिक फेरी होते. तीत चार स्वार प्रत्येकी एक फेरी मारतात आणि संघाची एकूण वेळ मोजली जाते. ज्यांची वेळ कमी, ते मुख्य शर्यतीत जातात. मुख्य शर्यतीत जास्तीत जास्त तेहतीस संघ असतात.

नवा स्वार पहिल्यांदा घोळक्यात शिरतो, तेव्हा त्याला भीती वाटते. पुढच्याचे चाक हातभर अंतरावर असते. तरी स्वार इतके जवळजवळ का चालवतात? याचे उत्तर हवेत आहे. सायकलीवरून वेगाने जाताना समोरची हवा आपल्याला मागे ढकलते. वेग दुप्पट झाला, की हा विरोध सुमारे चौपट होतो. पुढचा स्वार हवा कापत जातो. त्याच्या पाठीमागे राहणाऱ्याला हवेचा मार कमी बसतो आणि त्याची बरीच मेहनत वाचते. म्हणून हुशार स्वार काही वेळ दुसऱ्याच्या आडोशाला राहतो आणि ताकद राखून ठेवतो. पण त्यासाठी एकमेकांवर विश्वास लागतो. पुढच्याने अचानक ब्रेक लावला तर मागचे सगळे पडतात.

सर्वांत अवघड काम स्वार बदलण्याचे. थकलेला स्वार वेगाने येतो. वेग थोडा कमी करून तो सायकलीवरून एका बाजूला उडी मारतो. त्याच क्षणी पुढचा स्वार सायकलीबरोबर धावत हँडल पकडतो, उडी घेऊन सीटवर बसतो आणि पायडल मारू लागतो. सारे काही दोन-तीन सेकंदांत! एकाची जरा चूक झाली तर दोघेही जमिनीवर. हे काम नुसत्या ताकदीने होत नाही. ते पुन्हा पुन्हा सराव करूनच जमते. म्हणून संघातील सर्वांत हळू स्वारालाही हा सराव हवा. तोच कच्चा राहिला तर सगळा संघ मागे पडतो.

ही शर्यत बरीच वर्षे फक्त मुलांची होती. १९८७ साली मुलींच्या एका संघाने मुलांच्या शर्यतीत जागा मिळवण्याचा प्रयत्न केला. त्यांची वेळ थोडी कमी पडली. पण त्यांची जिद्द सर्वांना दिसली. दुसऱ्याच वर्षी, १९८८ साली, मुलींची स्वतंत्र शर्यत सुरू झाली. तिच्यात शंभर फेऱ्या असतात. हरलेल्या प्रयत्नानेही दार उघडते, ते असे.

या शर्यतीतील एका राखीव स्वाराची गोष्ट तुम्हांला विशेष आवडेल. त्याचे नाव स्टीव्ह टेसिच. त्याचा जन्म युगोस्लाव्हियातला. किशोरवयात तो अमेरिकेत आला. इंग्रजी त्याची मातृभाषा नव्हती. १९६२ साली त्याच्या संघाने ही शर्यत जिंकली. त्या वर्षी त्याचा साथीदार डेव्ह ब्लेस याने दोनशेपैकी एकशे एकोणचाळीस फेऱ्या मारल्या होत्या. टेसिच मात्र राखीव होता. पण तो सारे काही पाहत होता. पुढे त्याने या शर्यतीवर 'ब्रेकिंग अवे' या चित्रपटाची कथा लिहिली. चित्रपट १९७९ साली आला आणि त्याच्या लेखनाला ऑस्कर पुरस्कार मिळाला. नंतर शिकलेल्या भाषेत त्याने हे यश मिळवले. मराठी आपली मातृभाषा नाही म्हणून जे विद्यार्थी निबंध लिहायला कचरतात, त्यांनी टेसिचची आठवण ठेवावी. आणि राखीव म्हणून बाजूला उभा असलेला मुलगा काय काय टिपून घेत असतो, याचीही आठवण ठेवावी.

आता पुन्हा आमच्या मोहल्ल्याकडे वळू. आम्ही त्या मित्राची पंधरा मिनिटे आपसांत वाटून घेत होतो, तेव्हा आम्हांला वाटे की आपला फायदा झाला. पण तो सायकल शिकला नाही. कसा शिकणार? त्याला पाळीच मिळाली नाही. त्याच्या पन्नास पैशांत आमची मजा झाली, एवढेच. आमच्यापैकी एकाने जरी सीट धरून त्याच्यामागे धावायचे ठरवले असते, तर आठवड्याभरात तो आमच्याबरोबर सायकल चालवू लागला असता.

मित्रांनो, तुमच्या वर्गातही एखादा असा चौथा स्वार असेल. खेळात, नाटकात किंवा वाचनात तो मागे पडत असेल. त्याला "तू राहू दे" असे म्हणू नका. त्याची पाळी त्याला द्या आणि काही पावले त्याच्याबरोबर धावा.