घसा बरा झाला, मग झडप का बिघडते?

युरोप-अमेरिकेत हृदयाच्या झडपा बहुतेक म्हातारपणी, कॅल्शियम साचून खराब होतात. आपल्याकडे मात्र विशी-तिशीतल्या पेशंटचीही मिट्रल झडप आकसलेली सापडते. लहानपणी घसा दुखला, सांधे सुजले, ताप उतरला, सगळे विसरून गेले. हा रुमॅटिक हार्ट डिसीज. मराठीत याला ‘संधिवाती हृदयविकार’ म्हणतात, पण सांधे बरे होतात, झडप होत नाही.

घशातला जंतू ग्रुप ए स्ट्रेप्टोकॉकस. तो हृदयात घर करत नाही. ऑपरेशनमध्ये काढलेल्या झडपेत सापडतात त्या आपल्याच पेशी: मॅक्रोफेज आणि टी पेशी, त्यातही सीडी४ जास्त.

समजा, क्रांती चौकात नाकाबंदी आहे. पोलिसांकडे एवढंच वर्णन: काळी बाइक, लाल हेल्मेट. त्यात एखादा निरपराध कॉलेजकुमारही अडकणारच. जंतूवरचं एम प्रथिन आणि हृदयातलं मायोसिन, दोघांची घडण दोरीच्या पिळासारखी, त्यामुळे टी पेशींची अशीच गफलत होते. ब्राझीलच्या साओ पावलोमध्ये लुईझा गिल्हेर्मे यांच्या गटाने १९९५ मध्ये हे पेशंटच्या हृदयातून काढलेल्या टी पेशींवरच दाखवलं: एकच क्लोन जंतूच्या प्रथिनालाही प्रतिसाद देतो आणि हृदयाच्या प्रथिनालाही.

बहुतेक नोट्स इथेच थांबतात. पण मायोसिन तर हृदयाच्या स्नायूत ठासून भरलेलं असतं. मग मार झडपेला का? (व्हायवात हा प्रश्न हमखास विचारण्यासारखा आहे.)

उत्तराचा एक भाग दाराशी आहे. आजारात झडपेच्या अस्तरावर व्हीकॅम-१ नावाचा रेणू वाढतो. टी पेशी त्याला चिकटतात आणि आत शिरतात. अस्तराला आधी डिवचतात त्या बहुधा अँटिबॉडीज. दुसरा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. याच गटाने २००४ मध्ये सायटोकाइन्स तपासले. इंटरफेरॉन-गॅमा आणि टीएनएफ, म्हणजे आग भडकवणारे, स्नायूतही होते आणि झडपेतही. पण आग शमवणारं इंटरल्यूकिन-४ बनवणाऱ्या पेशी स्नायूत बऱ्यापैकी होत्या, झडपेत फारच थोड्या. म्हणजे फरक हल्ल्यात कमी आणि हल्ला थांबवण्यात जास्त असावा. स्नायू सावरतो, झडपेत मात्र सूज रेंगाळते, व्रण धरतो, नव्या रक्तवाहिन्या फुटतात, पाकळ्या एकमेकींना चिकटतात.

‘असावा’ हा शब्द मुद्दाम वापरलाय. ऑपरेशनची झडप म्हणजे आजाराची शेवटची अवस्था. आग विझत आल्यावर राख बघून ती कुठून लागली हे ठरवायचं, असा प्रकार. सुरुवातीच्या काळातली झडप कोण कापून देणार? म्हणून असे पेपर वाचताना निष्कर्षाआधी नमुना कधीचा आहे ते बघा.

उपचार मात्र या कोड्यासाठी थांबलेले नाहीत. बेंझाथिन पेनिसिलिन टी पेशींना आवरत नाही. ते घशातला पुढचा संसर्ग अडवतं, त्यामुळे त्या पेशींना पुन्हा चिथावणी मिळत नाही. युगांडात ८१८ मुलांवर चाचणी झाली. इकोत नुकताच आजार दिसलेली, बाहेरून ठणठणीत मुलं. दर चार आठवड्यांनी इंजेक्शन घेणाऱ्यांत दोन वर्षांनी ०.८ टक्के मुलांचा आजार वाढला, न घेणाऱ्यांत ८.२ टक्के. निकाल २०२१ मध्ये आला. इंजेक्शन दुखतं, ते वर्षानुवर्षं घ्यावं लागतं आणि मूल खेळतंय-बागडतंय म्हटल्यावर घरचे ते मध्येच बंद करतात.